मुलगी २, चार ते सहा

११ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर दिसलं तर तू हे पाकीट न फोडताच कपाटावर टाकून देशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या मशीनवर छापून घेतला. फसवलं म्हणून रागव, पण आता फोडलंच आहेस तर वाच. मी माफी मागायला लिहीत नाहीये. मला एकच गोष्ट विचारायची आहे. पण आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल शिकून शिकून माझं डोकं फिरलं.

माझ्या पीएचडीचा विषय आहे दीर्घ आजार आणि घरच्यांनी केलेली शुश्रूषा. हसायचं तर हसून घे. बावन्न घरं आहेत. प्रत्येक घरात कोणीतरी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं. प्रत्येक घराला आम्ही एक वही देतो. रोजचं एक पान, त्यावर रकाने: किती वाजता, काय केलं, कोणी केलं, किती मिनिटं, आणि शेवटी शेरा. भेटीला जाणारी एक नर्स दर आठवड्याला पानं गोळा करते. आम्ही तिला पोस्टमनबाई म्हणतो. पानं टाइप होऊन माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे अक्षरही दिसत नाही. घरांची नावं मला कळायची नाहीत असा नियम आहे. यादी मार्गदर्शक बाईंच्या कपाटात असते आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. माणसांनाही नावं नसतात. पत्नी, सून, मुलगी १, मुलगी २, एवढंच.

घर १९. कंपवात, आठवं वर्ष. रुग्ण आई. काळजी घेणाऱ्या दोघी, मुलगी १ आणि मुलगी २.

गेल्या सोमवारी चहा पिता पिता त्या घराची पानं चाळत होते. एका पानावर होतं: 'दुपारी ४ ते ६. मुलगी २. आईची कूस बदलली, टाचांना तेल लावलं, नखं कापली. गोळी देताना मुलगी २ उलट की सुलट विचारते, तेव्हाच आई तोंड उघडते.'

चहा तसाच राहिला. ताई, उलट की सुलट हे जगात किती घरांत विचारत असतील? आईच्या शिलाईच्या दुकानात आपण टेबलाखाली बसायचो, डोळे मिटून, आणि ती वरून कापडाचे तुकडे हातात द्यायची. उलट की सुलट, बोटांनी ओळखायचं. तू दर वेळी हरायचीस, कारण तुला सांगायची घाई असायची.

तेव्हा घर १९ आपलं आहे. तू माझ्या अभ्यासात भाग घेतलास. माहितीपत्रकाच्या तळाशी माझं नाव ठसठशीत छापलंय, म्हणजे जाणूनबुजून घेतलास. घे बापडी, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगी २ कोण? आईला दोनच मुली आहेत. त्यातली एक तू. दुसरीने सहा वर्षांत त्या जिन्याची एक पायरी चढलेली नाही.

कोणी बाई ठेवली आहेस का? शेजारची कोणी येते का? एका ओळीत कळव. नियमाप्रमाणे मी तुला लिहिणंसुद्धा चूक आहे, तेव्हा पोस्टमनबाईपाशी बोलू नकोस.

आई कशी आहे हे मी विचारत नाही. वहीत सगळं असतं.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही असं म्हणता येत नाही, कारण ते आलं. भलत्याच वाटेने आलं.

काल नवीन पानं आली. घर १९, चौदा तारीख. शेऱ्याच्या रकान्यात: 'मुलगी २ चं पत्र आलं. चार वाजता मुलगी २ आली तेव्हा तिनेच ते आईला वाचून दाखवलं. आई हसली.'

मी हे तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचलं. टाइप करणाऱ्या बाईंना विचारलं, हे मूळ पानावर असंच होतं का? त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, आम्ही आहे तसं उतरवतो. मला तर गोडच वाटलं. लेकीनं स्वतःच लिहायचं आणि स्वतःच वाचून दाखवायचं."

ताई, टोमणा मारायचा असेल तर सरळ मार. तुझे टोमणे मी लहानपणापासून खात आले आहे, मला पचतात. पण हे असलं नको. मी पोस्टात टाकलेलं पत्र मीच येऊन वाचून दाखवलं, हे वाचून माझ्या पाठीतून थंड काहीतरी सरकत गेलं, आणि अजून ते गेलेलं नाही.

आधी मी स्वतःला समजावलं. कंपवातात अशा गोष्टी होतात. खोलीत कोणीतरी आहे असं रुग्णाला वाटतं. खुर्चीत बसलंय, दाराशी उभं आहे, ओळखीचंच आहे. मी यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलंय. म्हटलं, आईला मी दिसते, आणि तू बिचारी ते जसंच्या तसं वहीत लिहितेस. झालं, सुटलं कोडं.

मग जखमेचे आकडे पाहिले. डिसेंबरात आईच्या माकडहाडावर जखम होती, तीन बाय दोन सेंटिमीटर. पोस्टमनबाई कागदी पट्टीने मोजते, ती काही भावुक बाई नाही. जानेवारीत दोन बाय एक. आता नुसता गुलाबी डाग उरलाय. हे नुसत्या आमच्या हवेच्या गादीने होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली, पायांमध्ये उशी नीट बसवली, कातडी कोरडी ठेवली, तरच होतं. आईला भास होत असतील, पण भास कुशी बदलत नाहीत.

कोणीतरी खरंच येतं. चार वाजता येतं आणि सहाला जातं. त्याला माझ्या सगळ्या सवयी माहीत आहेत. कालच्या पानावर होतं, 'मुलगी २ हसताना नाकातून आवाज काढते म्हणून आईने दटावलं.' हे मला स्वतःलासुद्धा आवडत नाही, मी लोकांसमोर तसं हसणं सोडून दिलंय.

कोण आहे ती? मी घाबरले आहे, हे लपवत नाही.

भिंगरी


९ मार्च

ताई,

आज पोस्टमनबाई ऑफिसात पानं द्यायला आली तेव्हा मी तिला सहज म्हणून खुर्चीत बसवलं. सहज वगैरे काही नव्हतं, तिच्यासाठी मुद्दाम बिस्किटं आणून ठेवली होती. एकेका घराची चौकशी करत करत एकोणिसाव्यावर आले.

"एकोणीस ना? झकास घर," ती म्हणाली. "बावन्न घरांत कुठे हसू ऐकू येत असेल तर तिथे."

"कोण हसतं?"

"धाकटी. मोठी सकाळी गेलं की भेटते. अबोल आहे हो, चष्म्यातून नुसती बघत बसते. विचारलं तेवढंच बोलणार, आणि तेही संपतच आलेलं, तळाशी थोडं उरल्यासारखं. धाकटी म्हणजे अगदी दुसरं टोक. गेल्या वेळी मला उशीर झाला, साडेचार झाले, तेव्हा तिने दार उघडलं. पिवळा ड्रेस, केस मोकळे. आईच्या पायाशी बसून काय गप्पा चालल्या होत्या! म्हातारीचा चेहरा तुम्हाला माहीत आहे, लाकडासारखा झालाय. पण डोळे बघायला हवे होते तुम्ही."

मी विचारलं, मोठी तेव्हा कुठे होती.

"बाहेर गेली होती म्हणे. दोघी एकदम कधी भेटल्या नाहीत मला." मग तिने बिस्किट चहात बुडवलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "एक सांगू? थोडी तुमच्यासारखी दिसते."

ती गेल्यावर मी बाथरूमच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. काय शोधत होते कोण जाणे. पिवळा ड्रेस मी तिथेच टाकून आले होते, तुझ्या कपाटाच्या खालच्या खणात, आठवतंय ना? मला घट्ट व्हायला लागला होता.

तुला लिहिताना मी एका गोष्टीभोवती घिरट्या घालते आहे, तर आता बोलूनच टाकते. तो फोन. घर सोडताना 'दोनच वर्षं' म्हणाले होते आणि तिसरं लागलं होतं. तू फोन केलास. म्हणालीस, "भिंगरे, मला होत नाही आता." एवढंच म्हणालीस. आणि मी काय केलं? माझ्यासमोर टेबलावर ती प्रश्नावली होती, शुश्रूषा करणाऱ्याच्या ताणाची, बावीस प्रश्नांची, आदल्याच दिवशी छापून आलेली. मी तुला ते बावीस प्रश्न विचारले. एकामागून एक. 'तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.' तू सगळ्यांची उत्तरं दिलीस. मी बेरीज केली आणि तुला सांगितलं, "ताई, तुझा ताण मध्यम आहे."

तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. त्यानंतर आजपर्यंत तुझा आवाज ऐकला नाही.

मला वाटलं होतं, तुला धीर देतेय. शपथेवर सांगते, त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं. आता आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

भिंगरी


२४ मार्च

ताई,

मला कळलं. कळायला इतका वेळ लागला, यातच माझी सगळी विद्वत्ता आली.

काल मार्गदर्शक बाईंनी बोलावून घेतलं. घर १९ चे आकडे त्यांना विचित्र वाटले. त्यांनी माझ्यासमोर आलेख ठेवला, दोन रेघांचा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुलगी १ ची रोजची मिनिटं आठशे दहा होती आणि मुलगी २ ची एकशे वीस. चार ते सहा, चोख. फेब्रुवारीच्या शेवटी मुलगी २ तीन वाजता यायला लागली. मार्च लागताच एक वाजता. आता ती अकराला येते. जाते मात्र सहालाच. आणि मुलगी १ ची रेघ खाली खाली येत गेलीय. चारशे. दोनशे दहा. पंचावन्न. गेल्या आठवड्यात तीन दिवस नुसतं लिहिलंय, 'मुलगी १: नोंद नाही.'

बाई म्हणाल्या, "एक काळजी घेणारी दुसरीची जागा घेते, हे होतं घराघरांत. पण पहिली इतकी पुसली जात नाही. मोठी मुलगी घर सोडून गेली का?"

"नाही, ती घरातच आहे," मी म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

मग मला सगळं सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून मंजुरीची फाइल काढली आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. घर निवडण्याची अट: 'किमान दोन कौटुंबिक काळजीवाहक असावेत.' त्याखाली: 'निवडलेल्या घरांना हवेची गादी मोफत मिळेल.' अट मीच लिहिलेली. एकटीच सगळं करते त्या घरांत वही भरायला कोणाला सवड होणार, पानं कोरी येतील, आकडे बिघडतील, म्हणून. ज्यांना गादीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच मी वगळलं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आईला जखम झाली होती. तुला गादी हवी होती. फॉर्मवर दुसरीचं नाव घालायचं होतं, तू माझं घातलंस. मग वही आली, तिच्यात मुलगी २ ची मिनिटं भरायची होती. तू खोटं बोलणाऱ्यातली नाहीस. शाळेत माझ्यासाठीसुद्धा कधी खोटं बोलली नाहीस. लिहायचं तर ते घडायला हवं, असं तुला वाटलं असणार. म्हणून तू ते दोन तास घडवलेस. खालच्या खणातून ड्रेस काढलास, केस सोडलेस, चष्मा उतरवलास, आणि चार वाजता आईकडे मी होऊन गेलीस.

आणि आई हसली. तुझ्याकडे पाहून किती वर्षांत हसली नसेल? रोज अंग पुसणाऱ्याकडे पाहून कोणी हसत नाही, हे बावन्न घरांनी मला सांगितलंय. कौतुक पाहुण्यांच्या वाट्याला येतं.

इथपर्यंत मला समजतं, आणि इतकं रडू येतं की अक्षर हलतंय बघ. पण ती पुढची रेघ? दोनाचे सात तास झाले. तू कमी होत चालली आहेस, ताई. रात्रीही आईपाशी तूच असतेस, तिला पाणी तूच पाजतेस, पण लिहीत नाहीस. जणू करणारं कोणी नाहीच. परवाच्या पानाचा शेरा वाचला: 'आईने विचारलं, ताई कुठे गेली. मुलगी २ म्हणाली, कोण ताई?'

हा आकड्यांचा घोळ राहिलेला नाही. मला आईची भीती वाटत नाही, ती तुझ्या हातात आहे. भीती तुझी वाटते. असंच चाललं तर महिन्याभरात त्या घरात फक्त मी उरेन, आणि मी तर तिथे नाहीच.

शनिवारी येते आहे. चार वाजता. दार तू उघड, ताई. कृपा करून तू उघड.

भिंगरी


२ एप्रिल

ताई,

हे पत्र आईच्या खोलीतल्या टेबलावर बसून लिहितेय. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते माहीत नाही. तरी लिहितेय, कारण शनिवारी काय झालं हे तुला कोणीतरी सांगायला हवं. तू तिथे होतीस की नव्हतीस, याची मला अजून खात्री नाही.

तीन मजले चढून आले तेव्हा धाप लागली होती. बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. पिवळा ड्रेस. तो तुला बरोबर बसला होता, इतकी वाळली आहेस. केस माझ्यासारखे उजवीकडे भांग पाडून मोकळे सोडलेले. तू हसलीस, नाकातून आवाज काढून, आणि म्हणालीस, "काय गं ताई, किती उशीर! आई कधीची विचारतेय."

मागे वळून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

मी म्हणाले, "ताई, मी आहे. भिंगरी." तू माझ्या हातातली पर्स घेतलीस, खुंटीला अडकवलीस, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत नेलंस. तुझा हात गरम होता. त्याचाही मला धीर वाटला, इतकी मी घाबरले होते.

आईने मान वळवायला बराच वेळ घेतला. तिचा आवाज आता इतका बारीक झालाय, मला वाकून ऐकावं लागलं. "ताई आलीस का. चादर बदलायची राहिलीय." मग डोळे तुझ्याकडे गेले आणि तिथेच थांबले. "भिंगरी सकाळपासून बसलीय बघ माझ्यापाशी."

चादर मी बदलली. काय करणार होते? दुसरं काही सुचलंच नाही. सहा वर्षं मी इतरांना शिकवतेय, रुग्णाला कुशीवर कसं वळवावं, पण स्वतःच्या हाताने कोणाला वळवलेलं नाही. आईचं कोपर माझ्या हातातून निसटलं, ती कण्हली. तू खुर्चीतून म्हणालीस, "हळू गं ताई, तिला दुखतं." आणि आई तुझ्याकडे कृतज्ञतेनं पाहत राहिली. मला इतका राग आला! पाठ माझी मोडत होती, घाम मला फुटला होता, आणि माया सगळी खुर्चीत बसलेलीला. तो राग ओळखीचा नव्हता. मग लक्षात आलं की तो तुझा आहे, आणि तू तो आठ वर्षं रोज गिळते आहेस.

आईचा डोळा लागल्यावर मी तुला स्वयंपाकघरात ओढलं. हलवलं. म्हणाले, "पुरे आता. मी आले आहे ना. तू ताई हो बघू परत."

तू माझ्याकडे पाहिलंस. वेड्यासारखं नाही, ताई. फार शहाण्या, फार प्रेमळ नजरेनं. माझ्या कपाळावरचे केस मागे सारलेस आणि म्हणालीस, "किती दमलीयस तू. एकटीनं किती करशील? तुला होत नाही ना आता? मग सांगायचं मला. मी येईन. लगेच येईन."

फोनवर त्या दिवशी मी हेच म्हणायला हवं होतं. शब्दन्‌शब्द हेच. तू इतकी वर्षं ते माझ्या आवाजात घोकत होतीस. मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले, आणि तू माझी पाठ थोपटत राहिलीस. खरं सांगू? मला बरं वाटलं. कोणीतरी विचारल्यासारखं वाटलं.

सहा वाजता तू उठलीस. आईच्या केसांवरून हात फिरवलास, "येते हं," म्हणालीस आणि दार ओढून घेतलंस. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

आई म्हणाली, "जाते ती अशी सहाला. मग दहा मिनिटांनी तू येतेस."

"मी इथेच आहे, आई," मी म्हणाले.

"हो की," ती म्हणाली. "आज लवकर आलीस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी धावले. खाली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मीटरच्या पेटीमागे कापडी पिशवी ठेवलेली होती. तीत तुझा निळा गाऊन, घडी घातलेला. चष्मा. किल्ल्या. रोज सहाला तू इथे उतरायचीस, अंधाऱ्या कोपऱ्यात माझे कपडे काढायचीस, आणि ताई होऊन वर जायचीस. आज पिशवी तशीच होती. रस्त्यावर गेले, कोपऱ्यापर्यंत गेले. तू कुठेच नव्हतीस. वर कोणीतरी ताई बसलेली होती, मग तू कशाला परत येशील?

चार दिवस झाले. पोलिसांत गेले होते. त्यांनी विचारलं, हरवलेल्या व्यक्तीच्या अंगावर कोणते कपडे होते. मी सांगितलं, माझे.

माझे बरोबर आणलेले कपडे आईच्या औषधांनी आणि घामाने खराब झाले, म्हणून सध्या तुझा निळा गाऊन घालते. चष्माही लावून पाहिला. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. आता दुखत नाही.

कुठे आहेस तू?


१९ मे

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. एवढं एकच वाक्य लिहायला दीड महिना लागला का गं? 'पोचले, इथे खिडकी मोठी आहे, खूप झोप येते.' तरी बरं, पत्ता घातलास. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने ते उशाखाली ठेवायला सांगितलं. जिवंत आहेस, झोपतेस, जेवत असशील. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

तू परत ये असं लिहायला बसले होते. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. शेवटी ठरवलं, नाही लिहायचं. तुझी झोप होऊ दे.

इथलं सांगायचं तर, मार्गदर्शक बाईंनी घर १९ अभ्यासातून काढून टाकलं आणि मला बिनमुदतीची रजा दिली. गादी मात्र राहू दिली. पोस्टमनबाई निरोप घ्यायला आली होती. मला दारात पाहून तिचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही?" म्हणाली. मग म्हणाली, "मला क्षणभर मोठीच वाटली." मी तिला तुझ्याबद्दल सगळं सांगणार होते, पण आईची कूस बदलायची वेळ झाली होती.

वही कोणी मागत नाही, तरी मी भरते. सवय लागली की सुटत नाही. मुलगी १, आठशे चाळीस मिनिटं. मुलगी १, नऊशे. मुलगी २ चा रकाना रिकामा सोडते. रोज चार वाजले की आई दाराकडे पाहते आणि विचारते, भिंगरी नाही आली? मी म्हणते, येईल. एकदा मनात आलं, ड्रेस नसला तर काय झालं, केस तर सोडता येतील. पण नाही केलं तसं. मी भिंगरी होते, तेव्हा मला ते जमायला हवं. पण आता जमेलसं वाटत नाही. हसायला गेले तर नाकातून आवाज येत नाही.

पाच आठवडे झाले, मी सलग दोन तास झोपलेले नाही. माझ्या हातून चुका व्हायला लागल्या आहेत. परवा सकाळची गोळी दोनदा दिली. काल आईवर ओरडले, इतक्या जोरात की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. तिचा चेहरा तर हलतच नाही, पण तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मी तिचा हात धरून कितीतरी वेळ माफी मागत राहिले. मला स्वतःची लाज वाटते, भिंगरी. मला होत नाही आता.

आणि मग आज.

चार वाजले होते. दाराला आतून कडी होती, मी दुपारी स्वतः लावली होती. मी स्वयंपाकघरात गोळ्या कुटत होते. खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, किती दिवसांनी इतका मोकळा: "हळू गं, गुदगुल्या होतात." आणि मग कोणीतरी हसलं. नाकातून आवाज काढून.

मी खल ओट्यावर ठेवला. मधला पडदा चार पावलांवर होता. तरी मी पडदा बाजूला केला नाही. मागच्या खोलीत गेले, जमिनीवर आडवी झाले आणि दोन तास मेल्यासारखी झोपले.

उठले तेव्हा सहा वाजून गेले होते. आईला मी डाव्या कुशीवर ठेवलं होतं, ती उजव्या कुशीवर होती. गुडघ्यांमध्ये उशी अशी बसवलेली की मला अजून तशी साधत नाही. नखं कापलेली. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "झोप झाली का, ताई?"

कडी तशीच लावलेली होती. मी वही उघडली आणि मुलगी २ च्या रकान्यात एकशे वीस लिहिलं.

ती कोण आहे हे मी विचारणार नाही. तू आहेस असं मला वाटत नाही, आणि मी तर नाहीच. तू तिकडेच राहा, खिडकी उघडी ठेवून झोप. उद्या दुपारी मी कडी काढून ठेवणार आहे.

तुझी,
ताई